मागे सरकायला जागा नसते तेव्हा

पुण्याच्या जुन्या पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या चौकात उभं राहा आणि समोरचा सोपा, वरचा मजला आणि त्यावरची कौलांची वळचण एका फोटोत घ्यायचा प्रयत्न करा. दोन पावलं मागे गेलात की पाठ खांबाला टेकते. मग हात वर जातो, फोन आकाशाकडे कलतो आणि सगळं घर मागे रेलल्यासारखं दिसू लागतं. सागवानी खांब वर जाता जाता एकमेकांकडे झुकतात, तुळईचा काटकोन हरवतो. समाजमाध्यमावर टाकायला हे चालतं. पण उद्या हा वाडा पाडला गेला आणि कुणाला त्याच्या खांबांची उंची, कमानींचं प्रमाण, महिरपीची नक्षी या फोटोवरून पाहायची असेल, तर तो फोटो फारसा कामाचा नाही.

माझा एक वास्तुविशारद मित्र अशाच वाड्यांच्या नोंदी करतो. मोजमापं, नकाशे आणि त्यांच्या जोडीला फोटो. गेल्या वर्षी त्याने ठरवलं, की फोटो चार बाय पाच इंचांच्या शीट फिल्मवर काढायचे. कृष्णधवल निगेटिव्ह नीट धुऊन नीट ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, उजेडासमोर धरली की नुसत्या डोळ्यांनी वाचता येते, हे एक कारण. दुसरं कारण आकाराचं. या फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटतं ते साधारण ९५ बाय १२० मिलिमीटरवर. पस्तीस एमएमच्या रिळावरच्या एका फ्रेमच्या तेरा पट. त्यात चौकटीवरची वेलबुट्टीही येते आणि तिच्यावर बसलेली धूळसुद्धा. तिसरं कारण त्याने सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे: त्याला काळ्या कापडाखाली डोकं घालायची हौस आहे.

हौस असो वा गरज, कॅमेरा निवडायची वेळ आली तेव्हा त्याला मिळालेला बहुतेक सल्ला उलट्या दिशेचा होता. लार्ज फॉरमॅटच्या, म्हणजे अशा मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या, गप्पांत लोक विचारतात, बेलोज, म्हणजे मधला भाता, किती लांब होतो? तीनशे मिलिमीटरचं लेन्स चालेल का? जवळून फुलाचा फोटो निघेल का? हे प्रश्न लांब लेन्सवाल्यांचे आहेत. ज्याला वाइड लेन्स वापरायचं आहे त्याने विचारायला हवं, की हा कॅमेरा किती आखूड होतो, आणि तेवढा आखूड झाल्यावर त्याचा पुढचा भाग हलतो का? महागडे, देखणे, पितळी खिळ्यांचे कितीतरी कॅमेरे या प्रश्नाला नापास होतात.

याचं कारण लेन्सच्या बांधणीत आहे. पस्तीस एमएमच्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा मध्ये येतो, म्हणून त्याची वाइड लेन्सेस अशी रचलेली असतात की काच फिल्मपासून दूर राहूनही चित्र नीट पडावं. लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात आरसा नाही. पुढे लेन्सची चौकट, मागे दुधी काचेची चौकट, मध्ये बेलोज, संपलं. तेव्हा दूरच्या वस्तूवर फोकस करताना लेन्स फिल्मपासून ढोबळमानाने आपल्या फोकल लेंग्थइतकंच दूर बसतं. या आकाराला १५० मिलिमीटर म्हणजे नॉर्मल लेन्स. ९० मिलिमीटर वाइड, पस्तीस एमएमच्या भाषेत साधारण २७. ६५ म्हणजे १९-२० आणि ४७ म्हणजे जेमतेम १४. अर्थात ९० साठी दोन चौकटींमध्ये नऊ-दहा सेंटिमीटर, ६५ साठी सातच्या आसपास. या सात सेंटिमीटरमध्ये दोन्ही चौकटींची जाडी बसवायची, आणि चांगल्या पाऊण हात लांब होणाऱ्या बेलोजच्या सगळ्या घड्याही.

घड्या बसतात, पण मग हलत नाहीत. पेटीचा भाता पूर्ण मिटून वरची पट्टी बाजूला सरकवायला गेलात तर जे होतं तेच इथे होतं. आणि वाइड लेन्सला सरकणंच तर हवं असतं.

हे सरकणं म्हणजे काय, ते वाड्याच्याच चौकात बघू. समजा समोरची भिंत नऊ मीटरवर आहे आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर. ९० चं लेन्स, फिल्म उभी. कॅमेरा अगदी ओळंब्यात ठेवला तर चित्रात बारा मीटर उंचीचा पट्टा येतो. पण त्याचा मध्य कॅमेऱ्याच्या उंचीवर असतो, म्हणजे वर साडेसात मीटरपर्यंतच दिसतं आणि खालच्या भागात नुसती फरशी. कॅमेरा वर कलवला तर वळचण येते, पण खांब झुकतात. त्याऐवजी मागची चौकट ओळंब्यात तशीच ठेवून फक्त लेन्स ३० मिलिमीटर वर उचलायचं. तीन सेंटिमीटर! तेवढ्याने दृश्य तीन मीटर वर सरकतं, साडेदहा मीटरपर्यंतचं सगळं फिल्मवर येतं आणि खांब सरळच्या सरळ. याला राइज म्हणतात. इमारतींच्या फोटोग्राफीतली निम्मी अक्कल या एका हालचालीत आहे असं माझं मत आहे.

म्हणून वाइड लेन्ससाठी बॅग बेलोज लागतो. घड्या नसलेली, मऊ चामड्याची किंवा तशाच कापडाची सैल पिशवी. दोन चौकटी एकमेकींना जवळजवळ चिकटल्या तरी पिशवी दोन्हीकडे फुगते आणि लेन्स मोकळं हलतं. कॅमेरा घेताना पहिला प्रश्न हाच: बेलोज बदलता येतो का? येत नसेल तर पुढचं फार बोलू नये.

मात्र कॅमेरा हलला तरी लेन्सचं काय? प्रत्येक लेन्स मागे एक वर्तुळ फेकतं, इमेज सर्कल, आणि फिल्म त्याच्या आत राहायला हवी. नुसतं सरळ बसायलाच दीडशेच्या वर मिलिमीटरचं वर्तुळ लागतं. श्नायडरचं जुनं अँग्युलॉन ९०, एफ ६.८ हे सुपारीएवढं गोड लेन्स. घडीच्या कॅमेऱ्यात लावून झाकण बंद करता येतं. त्याचं वर्तुळ १५४ मिलिमीटर. हिशेब केला तर आडव्या फिल्मला राइज मिळतो एक मिलिमीटरसुद्धा नाही. त्याच श्नायडरचं सुपर-अँग्युलॉन ९०, एफ ८ घेतलं तर वर्तुळ २१६, आणि उभ्या फिल्मला ३७ मिलिमीटर राइज. निकॉनचं एसडब्ल्यू ९०, एफ ८ आणखी मोठं, २३५. नावात एका शब्दाचा फरक, पण एकाने वाड्याची वळचण येते आणि दुसऱ्याने येत नाही. जुन्या बाजारात ‘अँग्युलॉन’ स्वस्त दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये ते यासाठी. ६५ मिलिमीटरची चांगली लेन्सेस १७० च्या आसपास थांबतात, म्हणजे राइज सेंटिमीटरभर. ४७ च्या सुपर-अँग्युलॉन एक्सएलचं वर्तुळ १६६ मिलिमीटर, म्हणजे त्याहूनही थोडा कमी.

ही लेन्सेस इथवर कशी आली ती कथा मला कॅमेऱ्यांच्या कथेहून जास्त आवडते. १८५९ साली थॉमस सटनने पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्याचं लेन्स केलं. त्यातून १२० अंशांच्या जवळपास दृश्य दिसे, पण फोटोची काच वाकवलेली लागे. वाकड्या काचेवर रसायन ओतायचं, तीवरून वाकडीच प्रिंट काढायची. हे कोण करणार? मग १९०० मध्ये गोर्झ कंपनीच्या एमिल फॉन होएगने हायपरगॉन काढलं. दोन पातळ, वाटीसारख्या काचा समोरासमोर ठेवून झालेला जवळजवळ पूर्ण गोळा, आणि दृश्य सुमारे १३५ अंश. अडचण प्रकाशाची. लेन्सच्या कडेला जसजसं जावं तसतसा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. हायपरगॉनच्या अगदी कडेला तो मध्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास उरतो. मध्य जळून जाईल आणि कडा काळ्या राहतील. यावर होएगचा उपाय असा: लेन्सच्या पुढे पत्र्याची एक छोटी दातेरी चांदणी. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने ती भिरभिरते आणि मध्यावर येणारा प्रकाश अडवते, कडांना मात्र येऊ देते. एक्स्पोजरचा बराचसा वेळ ती फिरवायची, मग खाली पाडायची आणि उरलेला वेळ उघडं लेन्स. फोटोग्राफर एका हातातलं घड्याळ बघतोय, दुसऱ्याने फुगा दाबतोय, आणि समोर एखादं भव्य सभागृह. लेन्सच्या इतिहासात इतकी गमतीदार आणि तरीही तंतोतंत काम करणारी वस्तू मला दुसरी ठाऊक नाही.

चांदणीची सुट्टी केली नकाशे काढणाऱ्यांनी. विमानातून जमिनीचे फोटो घ्यायचे तर कडेपर्यंत सरळ आणि उजळ चित्र हवं. सोव्हिएत संघात मिखाईल रुसिनोव्हने दोन्ही टोकांना मोठ्या, आत वळलेल्या ऋण काचा लावून असं लेन्स रचलं, की तिरकस पाहिलं तरी त्याचं छिद्र फार चपटं दिसत नाही, जणू ते पाहणाऱ्याकडे वळतं. मग प्रकाश चौथ्या घाताऐवजी तिसऱ्याच्या जवळपास घटतो. स्वित्झर्लंडमध्ये लुडविग बेर्टेलेने त्याच मार्गाने पुढे जाऊन वाइल्ड कंपनीसाठी एव्हिओगॉन आणि झाइससाठी बायोगॉन केलं. १९५० च्या दशकात श्नायडरचं सुपर-अँग्युलॉन आलं. निकॉनची एसडब्ल्यू मालिका आणि रोडेनस्टॉकचं ग्रँडागॉन ही त्यानंतरची, याच घराण्यातली. त्यांच्या पुढच्या-मागच्या काचा एवढ्या फुगीर आणि मोठ्या का, याचं उत्तर हे. मागची काच कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीच्या भोकातून आत जाते का, हे विकत घेण्याआधी पट्टी लावून पाहावं लागतं, तेही त्यामुळेच.

तरी कोपरे अंधारतातच. ९० ला सरळ ठेवलं तर एक-सव्वा स्टॉप, ६५ ला जवळजवळ दोन. त्यासाठी मध्यभागी करडा असलेला सेंटर फिल्टर मिळतो. तो कधी कधी जुन्या लेन्सएवढीच किंमत सांगतो. कृष्णधवल काम करणाऱ्याने तो शेवटी घ्यावा असं मी मित्राला सांगितलं. राइज दिला की चित्राचा वरचा भाग वर्तुळाच्या कडेला जातो आणि काळवंडतो. पण चौकाच्या वर असतं उघडं आकाश, जे नाहीतरी फिल्मवर जळतंच. तिथे हा अंधार उपकारच करतो. उरलेलं डार्करूममध्ये हात फिरवून भरून काढता येतं.

आता कॅमेरे. भारतात या आकाराचं जुनं यंत्र हाती लागतं ते बऱ्याचदा स्पीड ग्राफिक. अमेरिकी वृत्तपत्रांचा हा कॅमेरा. आपल्याकडे होमाई व्यारावालांच्या हातात तो होता. त्याच्या अंगात फोकल प्लेन शटर आहे, म्हणून पेटी जाड. ९० च्या खालचं लेन्स बसवणं कठीण, राइज थोडा, बेलोज पक्का डकवलेला. १९४७ मध्ये ते शटर काढून टाकलेला क्राउन ग्राफिक आला. तो पातळ, तेव्हा ६५ कडे थोडा झुकता येतो. नाव मोठं आहे, दोघेही दणकट आहेत, पण वाड्यासाठी नाहीत.

म्युनिकचं लिनहॉफ टेक्निका हे घडीच्या कॅमेऱ्यांतलं राजघराणं. त्याच्या कारखान्यालाही वाइड लेन्सची अडचण कळत होती. १९७२ च्या मास्टर टेक्निकात पेटीच्या वरच्या भागाला एक झडप दिली, आखूड लेन्स पेटीच्या आत असताना वर उचलायला वाट मिळावी म्हणून. नंतर टेक्निका २००० मध्ये पेटीच्या आतच वाइडसाठी वेगळी फोकसपट्टी घातली. एवढ्या खटाटोपावरून मूळ रचना कशासाठी होती ते कळतं. हातात धरून, रेंजफाइंडरने, १५० च्या लेन्सवर.

लाकडी फील्ड कॅमेरे देखणे आणि हलके. सह्याद्रीत चढायचं असेल तर तेच घ्यावेत. त्यांची खोड अशी, की पेटी उघडली की पुढचा पाटा लेन्सच्या पुढे येतो. ६५ ला उभी फिल्म लावली आणि पाटा लेन्सच्या १२ सेंटिमीटर खाली असला, तर तो लेन्सपुढे १३ सेंटिमीटरहून जास्त आला की फोटोत दिसणार. आणि दुधी काचेवर चित्र उलटं असल्याने तो दिसतो वरच्या काठाला, अंधाऱ्या भागात, जिथे कुणी बघत नाही. शेन-हाओसारख्या काही लाकडी कॅमेऱ्यांत बेलोज बदलता येतो, पाटा खाली पाडता येतो किंवा मागची चौकट पुढे आणता येते. तेवढं असलं तर चालतं. जपानच्या एबनीने तर एसडब्ल्यू४५ नावाचा घडी न होणारा कॅमेरा वाइड लेन्ससाठीच काढला होता. मिटायचंच नाही तर अडगळ कशाला, असा साधा विचार. ती कंपनी २०१६ मध्ये बंद झाली आणि जुने एबनी आता मोत्याच्या भावात जातात.

राहता राहिला मोनोरेल: एका दांड्यावर दोन चौकटी. स्विस सिनार, जपानी टोयो, डच कॅम्बो. स्टुडिओतली ही अवजड जनावरं डिजिटल आल्यावर कवडीमोल झाली. बेलोज काढून बॅग लावायला अर्धं मिनिट. दांड्याचं पुढचं टोक मागे ओढून घेता येतं, म्हणजे फोटोत येत नाही. लेन्स बसवायच्या सपाट बोर्डवर ६५ पर्यंत निभतं. त्याखाली खोलगट बोर्ड लागतो, आणि त्याच्या खड्ड्यात बसलेल्या शटरचा खटका ओढायला बोटं जात नाहीत, हा वेगळा ताप. वजन आहे, वाद नाही. पण हे वजन डोंगर चढणाऱ्याला जाचतं. सदाशिव पेठेत रिक्षा जाते.

मोनोरेलच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते, आणि ती कॅमेरा घेताना कुणी सांगत नाही. वाइड लेन्सला चौकटी समांतर असण्याची गरज लांब लेन्सपेक्षा फार जास्त असते. दोन चौकटींमध्ये दहा सेंटिमीटरच्या उंचीत एक मिलिमीटरचा फरक राहिला, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढा, तर ३०० च्या लेन्सचं फोकसचं प्रतल कॅमेऱ्याच्या ३० मीटर खालून जातं. तेवढं खपून जातं. ६५ च्या लेन्सचं तेच प्रतल फक्त साडेसहा मीटर खालून जातं, आणि अर्धी भिंत धूसर होते. मुद्दाम टिल्ट द्यायचा, म्हणजे लेन्स पुढे कलवायचं, तरी हेच. दीड मीटर उंचीवरून चौकातल्या फरसबंदीवर फोकस पसरवायला ९० ला साडेतीन अंशांहून कमी लागतात, ६५ ला अडीच. म्हणून शून्यावर टक्‌ करून बसणारे खटके आणि न घसरणारे स्क्रू हवेत. ढिल्या सांध्यांचा देखणा लाकडी कॅमेरा इथे घात करतो.

हे सगळं आम्हाला कागदावर कळलं होतं. प्रत्यक्ष दाखवलं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचे कॅटलॉग चार बाय पाचवर काढण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका काकांनी. त्यांनी मित्राने आणलेला मोनोरेल खिडकीपाशी लावला, ९० चं लेन्स चढवलं, राइज देत गेले आणि म्हणाले, “आता काचेकडे बघू नकोस. काचेतून बघ.” दुधी काचेचे चारही कोपरे कापलेले असतात, आम्हाला ते फुटके वाटले होते. त्या फटीला डोळा लावून लेन्सकडे पाहायचं. डायफ्रॅम एफ २२ वर ठेवलेला. छिद्र पूर्ण दिसलं तर त्या कोपऱ्यात प्रकाश पोचतोय. काकांनी लेन्स आणखी वर नेलं, तशी छिद्राची एक कड कापली गेली, मांजराच्या डोळ्यासारखी झाली.

“लेन्सचं वर्तुळ संपलं का, काका?” मित्राने विचारलं.

“वर्तुळ कसलं संपतंय. बेलोज बघ की.” पिशवीची एक वळकटी आत लोंबत होती. काकांनी ती बाहेरून चिमटीत धरून वर ओढली, आणि छिद्र पुन्हा पुरतं दिसू लागलं. मग खिशातून कपडे वाळत घालायचा चिमटा काढून तिथे लावला. तो चिमटा त्यांच्या खिशात का होता, हे विचारायचं राहिलं.

मित्राने शेवटी तोच मोनोरेल ठेवला, बॅग बेलोजसकट, आणि ६५ चा नाद सोडला. सेंटिमीटरभर राइजसाठी एवढा खर्च त्याला पटला नाही, मलाही. ९० चं कोणतं, यावर मात्र आमचं अजून वाजतं. निकॉनचं एफ ८ हलकं, ६७ मिलिमीटरचा फिल्टर पुरतो. त्याच वर्तुळाचं एफ ४.५ दुधी काचेवर तिपटीहून जास्त उजेड देतं, पण फिल्टर लागतो ८२ चा आणि वजनही बरंच अधिक. त्याचं म्हणणं, माजघरात दुपारी बारालाही काळोख असतो, एफ ८ मधून कोपरे दिसणारच नाहीत. माझं म्हणणं, दृश्याच्या दोन टोकांना दोन छोट्या बॅटऱ्या पेटवून ठेव, त्यांच्या ठिपक्यांवर फोकस कर आणि फोटोआधी उचलून घे. फोटो शेवटी दोन्ही लेन्सेसमधून एफ २२ वरच काढायचा आहे. तो म्हणतो, बॅटऱ्या उचलायला आत-बाहेर कोण पळणार, तू येणार आहेस का? सध्या एफ ८ लावलेलं आहे, आणि बहुतेक शनिवारी मी पळतो.